माजरीच्या खारी आणि त्यांचा फराळ

मैत्रिणींनो, माजरी हे काही हौसेनं प्रवासाला यावं असं ठिकाण नव्हे. नागपूरहून बल्लारशाकडे जाताना वरोरा गेलं, ते आनंदवनाचं वरोरा, की पुढचं स्टेशन आमचं. इथून वणीकडे एक फाटा जातो म्हणून नावापुढे ‘जंक्शन’ लागलं. पण जंक्शन म्हणून तुम्ही मोठं गजबजलेलं स्टेशन डोळ्यांपुढे आणाल, तर तसं काही नाही हं! कोळशानं भरलेल्या वाघिणींच्या लांबच लांब रांगा, धूळ, आणि दूरवर खाणीतून उपसलेल्या माती-दगडांचे डोंगर. गाडीच्या खिडकीतून एवढंच दिसतं. ताडोबाला निघालेली मंडळी तर इकडे मान वळवूनही बघत नाहीत. त्यांना वाघ बघायचा असतो ना!

पण एखाद्या नातेवाइकाकडे उतरायचा योग आलाच, तर सकाळी सहा-साडेसहाला खाण कामगारांच्या वसाहतीतून एक चक्कर जरूर मारा. १९७३ साली कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी स्थापन झाली, आणि आमच्या भागात क्वार्टर्सच्या ओळी उभ्या राहिल्या. लोकांनी दारापुढे हौसेनं कडुलिंब लावले, आंबा लावला, मागच्या अंगणात पेरू, सीताफळ, शेवगा. ती झाडं आता चांगली जुनी झाली आहेत. सकाळी पहिल्या पाळीची माणसं निघून गेली की या झाडांवरून चिर्रक् चिर्रक् असा एक सूर सुरू होतो, आणि मग बघाल तिकडे खारी! भिंतीवर खार, वाळत घातलेल्या साडीवर खार, पाण्याच्या टाकीवर खार. खाण जिथे पसरते तिथली झाडं जातात. उरलेली सावली आमच्या अंगणात आहे, म्हणून त्याही इथेच दाटीनं राहतात, असं मला वाटतं.

वसाहतीत माणसं सगळीकडची. शेजारच्या उत्तर प्रदेशच्या भाभी तिला ‘गिलहरी’ म्हणतात, पलीकडच्या तेलुगू बाई ‘उडुता’ म्हणतात, आमची मुलं ‘खारूताई’. आणि प्रत्येकीच्या घरून तिला काही ना काही मिळतंच. भाभींकडून नमकीन, तेलुगू बाईंकडून मुरुक्कूचा चुरा, आमच्याकडच्या मुलांच्या डब्यातून बिस्कीट. सगळं प्रेमानंच बरं का! पण या प्रेमाबद्दलच मला आज तुमच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत, कारण तुमच्याही गॅलरीत, तुमच्याही गच्चीवर ती येतच असणार.

आधी जरा तिची ओळख. शाळेत मी अर्धवेळ शिकवते. रामानं खारीच्या पाठीवरून बोटं फिरवली आणि पट्टे उमटले, ही गोष्ट सांगितली की मुलं लगेच विचारतात, “मग मॅडम, बोटं तीन आणि पट्टे पाच कसे?” मोजून बघा, आमच्या खारीच्या पाठीवर खरोखरच पाच फिकट पट्टे असतात. तीन पट्ट्यांची खार ही तिची बहीण, ती जास्त करून दक्षिणेकडे आढळते. म्हणजे सेतू बांधला तिकडच्या खारीच्या बाबतीत गोष्ट अगदी बरोबर जुळते! आमची ही पाच पट्ट्यांची. वजन म्हणाल तर साधारण शंभर ग्रॅम, आपल्या मुठीत मावेल एवढा जीव. गडचिरोलीच्या दाट जंगलात तिचे मोठे नातेवाईक आहेत. शेकरू, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी, आणि रात्री झाडावरून झाडावर तरंगत जाणारी उडती खार. पण ती मंडळी माणसाच्या दारात येत नाहीत. येते ती हीच.

माझी नणंद अमेरिकेत असते. तिच्या अंगणात ‘चिपमंक’ येतो, त्याचे फोटो ती पाठवते. तोही पाठीवर पट्टे असलेला, शेपूट नाचवणारा, म्हणून आमच्या घरी सगळ्यांना वाटलं ही तिकडची खारूताईच. जवळची आहे खरी, पण संसार अगदी निराळा. चिपमंकच्या दोन्ही गालांत पिशव्या असतात. त्यात दाणे कोंबून तो जमिनीतल्या बिळात साठा करतो, आणि बर्फाच्या दिवसांत तिथेच पडून राहून, मधूनमधून जागा होऊन साठवलेलं खातो. चिपमंकच्या जवळजवळ सगळ्या जाती उत्तर अमेरिकेतल्या, एकच काय ती सैबेरियाकडची. आमच्या खारीच्या गालांत पिशव्या नाहीत, तिला बर्फ माहीत नाही, हिवाळाभर झोपणं माहीत नाही. तिला बाराही महिने रोजचं रोज मिळवावं लागतं. म्हणून नणंदेकडचा ओंजळभर दाण्यांचा प्रकार इकडे तसाच्या तसा करू नये. तिकडचा साठा करून ठेवील, इकडची तिथेच बसून खात राहील.

मग रोजचं रोज ती मिळवते तरी काय? हे बघायला मला कुठे जावं लागत नाही, भाजी निवडता निवडता दिसतं. माघ-फाल्गुनात आमच्याकडे काटेसावर आणि पळस फुलतात. फुलात तोंड घालून ती मध चाटते, आणि बाहेर येते तेव्हा मिशांना परागकण लागलेले. या फुलावरून त्या फुलावर जाताना तेवढंच झाडाचंही काम होतं. चैत्रात आंब्याच्या कैऱ्या कुरतडून टाकते, त्यावरून आमच्या सासूबाईंचं आणि तिचं दरवर्षी वैर! मग विलायती चिंच, म्हणजे आमच्याकडची चिचबिलाई. मग जांभळं, लिंबोळ्या. पावसाळ्यात कोवळे अंकुर आणि किडे. हो, किडे! खार शुद्ध शाकाहारी असते असा आपला समज आहे. पण वाळवी, मुंग्या, अळ्या ती आवडीनं खाते, आणि संधी मिळाली तर पक्ष्याचं अंडंही सोडत नाही. हिवाळ्यात पेरू, बोरं, चिंचा. शिवाय कळ्या, कोवळी साल, गवताचं बी. म्हणजे एका दिवसात दहा ठिकाणचं दहा प्रकारचं, थोडं थोडं. बाई, आपल्या घरातलं मूलसुद्धा इतकं संतुलित जेवत नाही!

आता या जिवापुढे आपण काय टाकतो ते आठवा. चिवडा, शेव, खारे दाणे, गोड बिस्कीट, पावाचा तुकडा. मी एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर मूठभर शेंगदाणे तोलले, चाळीस ग्रॅमच्या जवळपास भरले. शंभर ग्रॅमच्या प्राण्याला चाळीस ग्रॅम! साठ किलोच्या बाईपुढे चोवीस किलोंचं ताट वाढण्यासारखं झालं हे. आणि त्या चिवड्यातलं मीठ, तिखट, तळणाचं तेल? आमच्या सासूबाई शाळेत फार गेलेल्या नाहीत, पण एका वाक्यात त्यांनी सगळ्या वसाहतीला गप्प केलं. म्हणाल्या, “काऊन व, त्याईले तिखटमिठाचं कायले घालता? त्याईच्या घरी का चूल पेटते?”

अगदी खरं आहे. शिजवलेलं, तळलेलं, खारवलेलं, साखरेचं काहीच तिचं नव्हे. चॉकलेट तर मुळीच नको, त्यातलं एक द्रव्य लहान प्राण्यांना विषासारखं असतं. कांदा-लसूण लागलेलं खरकटं नको. सफरचंदाची फोड ठेवायची तर बिया काढून. सीताफळाच्या बिया विषारी असतात, त्या मुद्दाम पुढ्यात ठेवू नयेत. द्राक्षं चांगली धुऊन, कारण त्यांवर फवारणी असते.

शेंगदाण्यांचं वेगळं सांगते, कारण खार म्हटलं की दाणे हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. दाणे विष नव्हेत, पण नुसत्या दाण्यांवर किंवा सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेल्या खारीची हाडं कमकुवत होतात. या दोन्हींत स्फुरद जास्त आणि कॅल्शियम कमी असतं. मोकळी खार बाहेरचं खाऊन तूट भरून काढते, पिंजऱ्यातली काय करणार? दुसरं म्हणजे बुरशी. पावसाळ्यात डब्याच्या तळाशी राहिलेले, कुबट वास येणारे दाणे आपण स्वतः खात नाही, पण ‘टाकण्यापेक्षा खारीला’ म्हणून बाहेर ठेवतो. कृपा करून हे करू नका. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की कोंबड्या पटापट मेल्या. शोध घेतला तेव्हा त्यांच्या खाद्यातल्या बुरशी आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत दोष निघाला. अफ्लाटॉक्सिन हे नाव तेव्हापासून जगाला कळलं. एवढ्या मोठ्या टर्कीची ही गत, तर खारीची काय कथा! जे दाणे कुटाला चालत नाहीत ते खारीलाही चालत नाहीत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

तुम्हांला काही ठेवायचंच असेल तर आमच्याकडची पद्धत सांगते. दिवसातून एकदाच, सकाळी, एका खारीला चहाचा एक चमचा या हिशेबानं. त्यात कधी भिजवलेले हरभरे, कधी मोड आलेले मूग, कधी गाजराचा किंवा काकडीचा तुकडा, पेरूची फोड, लाल भोपळ्याच्या कच्च्या बिया. दाणे आठवड्यातून एकदोनदा, तेही चार-पाच, बिनमिठाचे आणि शक्य तर टरफलासकट. टरफलासकट का? खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजायला काहीतरी कडक कुरतडावं लागतं. हे नाही मिळालं तर ती तुमची विजेची वायर शोधून काढते! शेवग्याची कोवळी डहाळी किंवा लिंबाची काडी ठेवली तरी चालते. तासाभरात उरलं असेल ते उचलून टाकावं. आमच्या उन्हात भिजवलेले मूग दुपारपर्यंत आंबतात, आणि संध्याकाळी त्याच जागी उंदीर येतात.

जागा कुठली, हेही महत्त्वाचं. जमिनीवर नको. आमच्या ओळीत मांजरं भरपूर आहेत, आणि रोज एकाच वेळी एकाच जागी खाली उतरणारी खार म्हणजे मांजराला आयतं ताट. भिंतीवर किंवा झाडाच्या फांदीवर, चटकन पानांत शिरता येईल अशी जागा बघा, कारण वरून शिक्राही टपलेला असतो. हातावर घेऊन खायला शिकवू नका. फोटो छान येतात हे मला माहीत आहे. पण तुमच्या हाताला सरावलेली खार उद्या दुसऱ्या कुणाच्याही हाताला जाते, आणि तो हात कसा असेल हे तिला कसं कळावं? शिवाय ती बोट आणि दाणा यात गफलत करते. चावलीच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. खारीपासून रेबीज होणं फार क्वचित, पण धनुर्वाताचं आणि बाकीचं काय ते डॉक्टरांनाच ठरवू द्यावं. ताटली घासताना मुलांना हात लावू देऊ नये, आणि आपणही नंतर साबणानं हात धुवावेत.

खाण्यापेक्षा मोठी गरज पाण्याची. चंद्रपूरचा उन्हाळा तुम्ही वर्तमानपत्रात वाचताच, पारा ४७-४८ अंशांवर जातो. दुपारी खारी फांदीवर चारी पाय पसरून पोटावर पडलेल्या दिसतात, अगदी फरशीवर लोळणाऱ्या मुलांसारख्या. मातीचं पसरट परळ घ्या, स्टीलचं नको, उन्हात ते चटका देतं. पाणी दोन बोटं खोल, मध्ये एक दगड, म्हणजे पिल्लू पडलं तरी चढून येतं. आमच्याकडे आणखी एक काम असतं. सकाळी भरलेल्या परळावर दुपारपर्यंत कोळशाच्या धुळीची काळी साय येते, म्हणून पाणी दोनदा बदलावं लागतं, आणि फळाची फोडही धुऊनच ठेवावी लागते. तुमच्याकडे कोळसा नसेल, पण डास असतील. त्यांच्यासाठी तरी पाणी रोज ओतून टाकाच.

आता एक प्रसंग सांगते. विदर्भात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही. होळी झाली की कूलर धुवायचे, नवी वाळ्याची ताटी किंवा लाकडाच्या भुशाचं गवत भरायचं. गेल्या वर्षी आमच्या ह्यांनी कूलरचं झाकण काढलं, तर आत जुन्या गवताचा, कापसाचा, माझ्या जुन्या पातळाच्या दशांचा मोठा गोळा! त्यात तीन पिल्लं. डोळे मिटलेली, अंगावर केस नाहीत, करंगळीएवढी. आई समोरच्या लिंबावरून जीव तोडून ओरडत होती. झाकण तसंच बसवलं.

आणि मग घरात पेच पडला. ह्यांची रात्रपाळी. माणूस रात्रभर खाणीत राबून येतो, त्याला दिवसा झोप मिळायला हवी, ती न मिळाली तर खाणीत यंत्रांच्या मध्ये काय होऊ शकतं हे खाणीतल्या प्रत्येक घराला माहीत असतं. ऊन तर रोज चढत होतं. शेजारून सल्ले आले, “पिल्लं काढून खोक्यात घाला, गाईचं दूध पाजा, जगतील.” पण मागच्याच वर्षी आमच्या ओळीतल्या एका मुलानं झाडाखाली पडलेलं पिल्लू घरी नेलं होतं. कापसाच्या बोळ्यानं गाईचं दूध पाजलं. पहिल्या दिवशी पिल्लू प्यायलं, दुसऱ्या दिवशी हगवण लागली, तिसऱ्या दिवशी सकाळी गेलं. मूल आठवडाभर धड जेवलं नाही. गाईचं दूध त्या पोटाला पचत नाही. आणि बोळा पिळून घाईनं पाजलेलं दूध फुप्फुसात जातं. ते पिल्लू भुकेनं नव्हे, आपल्या दुधानं गेलं असं मला वाटतं. पण त्या मुलाला मी हे बोलले नाही.

आम्ही पिल्लांना हात लावला नाही. ह्यांची खाट मधल्या खोलीत हलवली, खिडकीला ओली पोती लावली, फरशीवर पाणी शिंपडलं, दुपारी टेबल-पंखा. धाकटीला बजावलं की कूलरच्या खिडकीकडे जायचं नाही. मी आईसाठी भिंतीवर पाणी आणि रोजचा चमचाभर फराळ ठेवत होते, पण कूलरपासून लांब, म्हणजे मांजराला घरट्याचा माग लागू नये. चौदाव्या-पंधराव्या दिवशी रामनवमीच्या सुमाराला एका सकाळी ती एकेक पिल्लू तोंडात धरून लिंबावर नेताना दिसली. तीन खेपा झाल्या. चौथ्यांदा येऊन रिकामं घरटं हुंगून गेली. त्याच दुपारी कूलर सुरू झाला. ह्यांनी कुरकूर केली नाही असं नाही, पंधरा दिवसांत चांगलीच केली! पण कूलरचं झाकण एकदाही उघडलं नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, कूलर, पंख्याची खोबण, मीटरची पेटी, यातलं काहीही महिनोन्महिने बंद असेल तर उघडण्याआधी आत डोकावून बघा. पडलेलं पिल्लू सापडलं तर घरात आणू नका. मऊ फडकं घातलेल्या उघड्या खोक्यात ठेवून ते त्याच झाडावर, मांजराचा पंजा पोचणार नाही इतक्या उंच बांधा, आणि स्वतः दूर व्हा. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लू टाकते हे खरं नव्हे. ती येते, पण माणसांचा घोळका हटल्यावर येते. खार दिवसा वावरते, म्हणून अंधार पडेपर्यंत वाट बघावी. आली नाही, किंवा पिल्लू जखमी असेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. आमच्यासाठी चंद्रपूरला वनविभागाचं वन्यजीव उपचार केंद्र आहे. तोवर दूध, पाव काही नको, फक्त ऊब.

पाळायचं म्हणाल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पाच पट्ट्यांच्या खारीचं नाव घातलेलं होतं, ती पिंजऱ्यात ठेवण्याची वस्तू नाही. आणि गोड दिसते म्हणून दुसरीकडे नेऊन सोडण्यातही अर्थ नाही. ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून १८९८ साली आपल्या या खारी मोकळ्या सोडल्या गेल्या, आजही त्या त्या परिसरात टिकून आहेत आणि तिकडच्या लोकांना नसती उपद्व्यापाची वाटतात. माणसाच्या आसऱ्यानं जगायला ती पटकन शिकते, हे खरं. म्हणून तर तिला आपल्यावर अवलंबून ठेवू नये. आमच्याकडे जांभळं-लिंबोळ्यांच्या दिवसांत आम्ही फराळ बंदच करतो. पहिले दोन दिवस भिंतीवर येऊन बघतात, मग येत नाहीत.

मे महिन्यात माहेरी जाणार असाल, तर आठवडाभर आधीपासून दाणे कमी करत आणा. पाण्याचं मात्र शेजारणीला सांगून जा. आमच्या वेळी भाभी ते करतात, आणि त्या गोरखपूरला गेल्या की त्यांचं परळ मी भरते.